एका जुन्या छापयंत्राचा जीर्णोद्धार



आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्यासाठीं मी आपणांपुढें आलों आहें, त्यावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपणांस पडला तर तो गैर नाहीं. मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त चित्रकलाशिक्षक. एकतीस वर्षें मुलांकडून वर्तुळें, घडे आणि जास्वंदीचीं फुलें काढून घेतलीं. यंत्रांशीं माझा संबंध सायकलच्या साखळीपलीकडे कधीं गेला नाहीं. परंतु माझ्या घरच्याच एका माणसाच्या पोटाचा प्रश्न एका जुन्या यंत्राशीं येऊन भिडला आणि त्या निमित्तानें मला पुष्कळ शिकावें लागलें. जुनें यंत्र घेऊन लहानसा धंदा उभारावा असा विचार हल्लीं अनेक तरुण करतात. घरांतील वडील माणसांस त्यांतलें कांहीं कळत नसल्यामुळें तीं एक तर डोळे मिटून होकार देतात किंवा डोळे मिटून नकार देतात. अशा घरांस माझा अनुभव उपयोगीं पडावा, एवढाच माझा हेतु आहे.

माझा भाचा साताऱ्यास दुकानांच्या पाट्या रंगविण्याचें काम करीत असे. लहानपणीं माझ्याच वर्गांत त्यानें अक्षरांचें वळण गिरविलें. ब्रश एकदां रंगांत बुडवून 'क'चा दांडा वरून खालीं एका दमांत ओढावा आणि रेघ सुरुवातीस जेवढी जाड तेवढीच शेवटासही असावी, ही हातोटी शंभरांत दोघांस साधते. त्यास ती साधली होती. किराणा दुकानें, पिठाच्या गिरण्या, शाळांच्या भिंती, मालमोटारींच्या पाठी, असें काम त्याच्याकडे सतत असे. पुढें छापील फ्लेक्स आला. जी पाटी रंगविण्यास दोन दिवस लागत, ती तासाभरांत छापून मिळूं लागली आणि ब्रश हळूहळू कोपऱ्यांत पडला. भाच्यानें काळाचीं पावलें ओळखून संगणकावर मांडणी करण्याचें शिकून घेतलें, व्हायनलचीं अक्षरें कापणारें एक लहान यंत्रही घेतलें. परंतु छपाई मात्र पुण्यास जाऊन करून आणावी लागे. पहाटेच्या एस. टी. नें जावें, दुसऱ्याच्या यंत्रापुढें रांगेंत बसावें, रात्रीं गुंडाळी खांद्यावर घेऊन परत यावें, आणि रंग फिका निघाला तर पदरचे पैसे घालून पुन्हां जावें. नफा म्हणून जो कांहीं असे तो प्रवासांत आणि खोळंब्यांत जिरून जाई.

२०२३ च्या मे महिन्यांत तो एके दिवशीं माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, पुण्यांत एक जुनें मशीन विकाऊ आहे. नवें घेण्याची आपली ऐपत नाहीं. तुम्ही एकदां बघायला चला."

मी म्हटलें, "अरे, मला त्यांतलें काय कळतें?"

"कळत नाहीं म्हणूनच चला. मला तें हवेंच आहे, म्हणून मला त्याचे दोष दिसायचे नाहींत. तुम्ही प्रश्न विचाराल."

त्याचें हें बोलणें मला शहाणपणाचें वाटलें आणि मी गेलों.

हें यंत्र म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्या घरीं मुलांचे कागद छापणारें जें लहान शाईचें यंत्र असतें, त्याचाच हा थोरला भाऊ. फरक एवढाच कीं, याच्यांत कागदाऐवजीं सव्वापांच फूट रुंदीची व्हायनलची किंवा फ्लेक्सची गुंडाळी बसते, आणि शाई पाण्याची नसून सौम्य द्रावकाची असते. ऊन-पावसांत टिकावी म्हणून तिच्यांत रंगकणांबरोबर राळही मिसळलेली असते. छपाईच्या आधीं, छपाई होतांना आणि नंतर कापड तापविणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांच्या ऊबेनें द्रावक उडून जातें आणि रंग राळेसह व्हायनलला घट्ट धरून बसतो.

या सर्वांचा प्राण म्हणजे हेड, अर्थात् शाईचे थेंब फेंकणारा भाग. त्याचें तत्त्व मोठें मनोरंजक आहे. १८८० सालीं फ्रान्समध्यें पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनीं असें दाखवून दिलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते. पुढल्याच वर्षीं गॅब्रिएल लिपमन यांनीं गणितानें उलट गोष्ट भाकीत केली: वीज दिली तर तो स्फटिक किंचित् आकार बदलील. क्युरी बंधूंनीं तेंही प्रयोगानें खरें ठरविलें. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, १९९३ सालीं, जपानच्या एप्सन कंपनीनें याच तत्त्वावर चालणारें आपलें टेबलावरचें छापयंत्र बाजारांत आणलें. विजेच्या ठोक्यासरशीं एक इवलासा तुकडा वांकतो, मागच्या कोठडींतील शाईस धक्का बसतो आणि छिद्रांतून थेंब बाहेर उडतो. आमच्या यंत्राच्या हेडास आठ ओळी असून प्रत्येक ओळींत १८० छिद्रें, म्हणजे एकूण १,४४० छिद्रें होतीं; आणि प्रत्येक छिद्र माणसाच्या केसाहून बारीक. एका लिटराचे एकावर बारा शून्यें इतके भाग केले म्हणजे त्यांतल्या एका भागास पिकोलिटर म्हणतात. अशा थोड्याशा पिकोलिटरांचा एक थेंब असतो.

आतां यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानांत येईल. असें यंत्र कामानें जितकें झिजतें, त्याहून अधिक तें नुसतें बसून राहिल्यानें बिघडतें. काम थांबलें कीं छिद्रांच्या तोंडाशीं असलेली शाई वाळूं लागते. द्रावक उडून जातें आणि राळ मागें उरते. म्हणून जुनें यंत्र पाहतांना पहिला प्रश्न 'किती वर्षें चाललें?' हा नव्हे, तर 'किती दिवस बंद आहे?' हा विचारावा. दुसरा प्रश्न असा कीं, शाई कोणती वापरीत होतां, आणि मध्येंच ती बदलली होती काय? दोन निरनिराळ्या शाया नळींत एकत्र आल्या तर कधीं कधीं त्या फाटतात आणि त्यांचे कण होतात. तिसरा प्रश्न, सुटे भाग बाजारांत मिळतात काय? आणि चौथी गोष्ट प्रश्न नसून आग्रह आहे: छिद्रांच्या तपासणीची छाप आपल्या डोळ्यांसमोर काढून घ्यावी, कालची काढलेली पाहूं नये.

आम्ही पाहिलेलें यंत्र आठ वर्षांचें असून पांच महिने बंद होतें. त्याच्या मालकानें धंदा मिटविला होता. माणूस सरळ होता. त्यानें छाप काढून दिली. काळ्या आणि निळ्या रंगाच्या बारीक रेघांची शिडी जवळजवळ पूर्ण उमटली. पिवळी निम्मी आली. किरमिजी रंगाच्या चार-सहा रेघा कशाबशा दिसल्या. यंत्राचे मोठे पट्टे, मोटरी आणि रूळ उत्तम स्थितींत होते. हेड विश्रांतीस जेथें जाऊन बसतें, तेथें रबरी काठाची एक कॅप असते. भाच्यानें तींत थोडा स्वच्छ करण्याचा द्रव ओतला आणि पंप चालू केला. पंपाचा आवाज येत होता, परंतु द्रव जागचा हलेना. तो मला हळूच म्हणाला, "मामा, दोष पंपांत किंवा कॅपमध्यें आहे. हेड कदाचित् वांचेल." त्या 'कदाचित्' वर आम्हीं एक लक्ष चाळीस हजार रुपये मोजले. नवें हेड घ्यावें लागलें असतें तर त्यासाठीं आणखी जवळजवळ लाखभर रुपये लागले असते, आणि ते आमच्यापाशीं नव्हते. भाच्याचे साठविलेले ऐंशीं हजार, माझ्या निवृत्तीच्या पुंजींतले साठ हजार आणि एका पतपेढीचें साठ हजारांचें कर्ज, अशी आमची सारी मिळकत दोन लाखांची होती.

जून महिन्यांत यंत्र साताऱ्यास आलें. भाच्याची घाई होती कीं लगेच वीज जोडून चालू करावें. पण ज्या विक्रेत्याकडून सुटे भाग आणले त्यानें बजाविलें होतें कीं, आधीं जमिनीची जोडणी, म्हणजे अर्थिंग, तपासा. जुन्या इमारतींत ती नांवापुरतीच असते. आमच्या दुकानांत ती मुळींच नव्हती! ती नव्यानें करून घेतली, विजेचा दाब स्थिर ठेवणारें यंत्र बसविलें आणि मगच पुढें गेलों. यांत चौदा हजार रुपये गेले. त्या वेळीं ते मला फार वाटले; आतां वाटत नाहींत.

दुसरें काम कॅप, वायपर आणि पंप बदलण्याचें. रबर काळानें कडक होतें, त्याचा काठ हेडाशीं नीट मिळत नाहीं, मग हवा आंत शिरते आणि पंप शाईऐवजीं हवाच ओढतो. पुष्कळ लोक अशा वेळीं हेडालाच दोष देतात व नवें हेड घालतात. तें नवें हेडही जुन्या कॅपवर बसून महिन्याभरांत वाळून जातें. तिसरें काम डॅम्परांचें. शाईची नळी आणि हेड यांच्यामध्यें चहाच्या बिस्किटाहून लहान अशा डब्या असतात. त्यांत बारीक जाळी असून ती कचरा अडवून धरते. शाईचा दाबही त्या समतोल ठेवतात. त्या सर्व बदलल्या आणि नळ्यांतील जुनी शाई धुवून काढली.

शेवटीं हेडाकडे वळलों. येथें तीन नियम आहेत. पहिला, वीज बंद करून, तारही भिंतींतून काढून मगच द्रव हातांत घ्यावा. कारण हेडास जोडलेल्या चपट्या तारेवर एक थेंब जरी पडला आणि वीज चालू असली, तरी हेडाबरोबर यंत्राचा मुख्य विद्युत्फलकही जळून जातो. दुसरा, शाईच्या जातीचाच द्रव वापरावा; पाणी वापरूं नये, कारण त्यानें या शाईंतील राळ सुटण्याऐवजीं गोठते. तिसरा, हेडाच्या तोंडास कापूस लावूं नये, त्याचे तंतू छिद्रांत अडकतात. मी औषधांच्या दुकानांतून मोठ्या उत्साहानें कापसाचा गठ्ठा आणला होता; तो भाच्यानें हसत माझ्या हातांतून काढून घेतला.

कॅपमध्यें द्रव भरून हेड त्यावर रात्रभर बसवून ठेवलें. दुसऱ्या दिवशीं मऊ नळी लावलेल्या पिचकारीनें, अगदीं हलक्या हातानें, द्रव आंत सोडला. पहिल्या दिवशीं पिवळा रंग पूर्ण आला. दुसऱ्या दिवशीं किरमिजीची एक ओळ आली. दुसऱ्या ओळींतलीं मात्र चार छिद्रें बंदच राहिलीं.

आणि येथें माझ्या हातून जें घडलें तें सांगितलें पाहिजे. तिसऱ्या दिवशीं भाचा गिऱ्हाइकाकडे गेला होता. मी दुकानांत एकटाच. चार छिद्रें ती काय, जरा जोर दिला तर निघून जातील, असें माझ्या मनानें घेतलें. मीं पिचकारी लावली आणि दट्ट्या दाबला. तो अडला, मीं आणखी दाबला. आंत कांहींतरी सुटल्यासारखें वाटलें आणि द्रव भरभर वाहूं लागला. मला इतका आनंद झाला कीं भाचा येण्याची मी वाट पाहूं लागलों. संध्याकाळीं छाप काढली, तों त्या ओळींत चाराच्या जागीं अकरा छिद्रें बंद! आंतल्या मार्गांत वाळलेली जी खपली हळूहळू विरघळत होती, ती माझ्या जोरानें फुटली आणि तिचे कण पुढें जाऊन छिद्रांत घट्ट बसले. त्यानंतर चार रात्री भिजवूनही तीं अकरा छिद्रें उघडलीं नाहींत. आजतागायत उघडलीं नाहींत.

मीं सर्व खरें सांगितलें. भाचा बराच वेळ छापेकडे पाहत राहिला. मी म्हटलें, "नव्या हेडाचे पैसे मी देतों. थोडी मुदत दे."

तो म्हणाला, "मामा, तुमच्यापाशीं उरलें आहे तें औषधपाण्याचें आहे. आधीं छापून तर पाहूं."

त्यानें जी तोड काढली ती अशी. हेड एका पट्ट्यावरून एकदांच फिरत नाहीं. तें त्याच जागेवरून चार वेळां, सहा वेळां, आठ वेळां फिरून थोडे थोडे थेंब टाकीत जातें. फेरे कमी असले तर बंद छिद्राच्या जागीं पांढरी रेघ दिसते. फेरे वाढविले कीं त्या जागेवरून शेजारचीं चांगलीं छिद्रें जातात आणि रेघ झांकली जाते. चाराऐवजीं आठ फेरे केले म्हणजे वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण पाटी निर्दोष निघते. ज्या धंद्यांत दिवसाला पांच-सहा पाट्या छापावयाच्या, तेथें वेळ दुप्पट लागला तरी चालतें. हें त्यास ठाऊक होतें, मला नव्हतें.

यानंतर यंत्र लावून घेण्याचें काम. हेड जातांना आणि येतांना पडणारे थेंब एकमेकांवर बसले पाहिजेत, नाहींतर प्रत्येक अक्षरास सावली दिसते. व्हायनल पुढें सरकण्याचें मापही नेमकें हवें: तें जास्त सरकलें तर पांढऱ्या फटी पडतात, कमी सरकलें तर थर एकावर एक येऊन काळसर पट्टे दिसतात. हेडास आपली जागा समजावी म्हणून यंत्राच्या लांबीभर एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या रेघा असतात. तिच्यावर शाईचा डाग पडला कीं यंत्र आंधळें होतें आणि हेड जाऊन बाजूस आपटतें. ती पट्टी आम्हीं सौम्य द्रवाच्या ओलसर फडक्यानें, अजिबात दाब न देतां पुसली. हें काम मीं केलें. तोंवर माझ्या हातास शहाणपण आलें होतें.

आतां हिशेब सांगतों. यंत्र १,४०,००० रुपये; आणणावळ व हमाली ९,०००; कॅप, वायपर, पंप आणि डॅम्पर २१,०००; स्वच्छतेचा द्रव ४,५००; चार रंगांची शाई ११,२००; वीज व अर्थिंग १४,०००. एकूण १,९९,७०० रुपये. दोन लाखांतले तीनशें उरले, त्यांचा नारळ आणि कंदी पेढे आणले. यांतली शिकवण अशी कीं, जुन्या यंत्राची जी किंमत मालक सांगतो, तींत निदान तिच्या तृतीयांशाची भर घालून मगच आपली थैली तपासावी. आमचीं साठ हजारें अशीं वर गेलीं, आणि हेड वांचूनही गेलीं.

काम मिळण्यास फार वाट पाहावी लागली नाहीं. दुकानांविषयींच्या २०१७ च्या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन महाराष्ट्रांतील लहान दुकानांसही देवनागरींत मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरें इतर लिपींच्या अक्षरांहून लहान असूं नयेत असें ठरलें. २०२३ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या व्यापाऱ्यांस त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हां गांवोगांवचे दुकानदार जागे झाले. आमच्या पेठेंतलेही झाले.

या कामांत माझ्या वाट्यास एक जबाबदारी आली. ब्रशानें रंगविलेल्या पाटींत चूक झाली तर ती एका पाटीपुरती असते. यंत्रांत गेलेली चूक पन्नास पाट्यांवर उमटते. कांहीं अक्षरवळणांत संगणकावर जोडाक्षरें तुटतात. 'श्री' फुटते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून छापण्यापूर्वी प्रत्येक मजकूर मी तांबडी पेन्सिल घेऊन तपासतों. 'किराणा' व 'स्टेशनरी' यांतील ऱ्हस्वदीर्घ मीं इतक्या वेळां सुधारलें आहे कीं, शाळेंत असल्याचाच भास होतो. कांहीं गिऱ्हाइकें मुद्दाम हातच्या वळणाचीं अक्षरें मागतात. तेव्हां भाचा कागदावर ब्रशानें नांव लिहितो, त्याची प्रतिमा संगणकांत घेतो आणि तीच मोठी करून छापतो. कोपऱ्यांत पडलेला ब्रश असा परत कामास लागला.

ज्या घरांत असें यंत्र येणार असेल, त्यांस शेवटीं दोन गोष्टी सांगतों. त्याच्या द्रावकाचा वास श्वासास चांगला नव्हे; तें निजण्याच्या खोलींत किंवा स्वयंपाकघराशेजारीं ठेवूं नये, हवा बाहेर फेंकणारा पंखा अवश्य लावावा आणि साफसफाई करतांना हातमोजे घालावे. वाया गेलेली शाई गटारांत ओतूं नये. ती झांकणाच्या डब्यांत सांठवून, अशा कचऱ्याची अधिकृत विल्हेवाट लावणाऱ्यांकडेच द्यावी. आणि दुसरी गोष्ट ही कीं, काम असो वा नसो, यंत्र रोज थोडें चालविलेंच पाहिजे. रोज सकाळीं तपासणीची एक लहान छाप, रोज संध्याकाळीं कॅपचा काठ पुसणें, एवढें केलें तर तें वर्षानुवर्षें चालतें.

भाचा दिवाळींत सासुरवाडीस जातो, तेव्हां दुकानाची किल्ली माझ्याकडे असते. बाजार बंद असतो. मी सकाळीं जातों, यंत्र चालू करतों आणि हातभर व्हायनलवर छाप काढतों. किरमिजी रंगाच्या त्या ओळींत अकरा जागा रिकाम्या असतात. मी त्या मोजतों. अकराच्या बारा झाल्या नाहींत ना, एवढें पाहतों, वहींत तारीख घालून लिहून ठेवतों आणि दुकान बंद करून घरीं येतों. गेल्या दिवाळीसही अकराच होत्या.